उसनी नौका आणि स्वतःची विद्या

यंत्राला देश असतो का? प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण एका विनाशिकेची हकिकत वाचा आणि मग उत्तर द्या.

इंग्लंडमध्ये टाइन नदीच्या काठी स्वान हंटर कंपनीच्या गोदीत १९४० साली 'मेंडिप' ही विनाशिका बांधून पूर्ण झाली. लांबी २८० फूट, वजन सुमारे १,००० टन. 'हंट' वर्गातील या नौकांचे मुख्य काम म्हणजे व्यापारी जहाजांच्या तांड्यांना पाणबुड्या व विमाने यांपासून वाचविणे.

या वर्गाची एक गंमत आहे. मूळ आराखड्यात प्रत्येक नौकेवर सहा तोफा होत्या. 'मेंडिप'वर मात्र चारच बसल्या. कारण काय? गणितातील चूक! पहिली नौका पुरी होत आल्यावर तिची कलण्याची चाचणी घेतली गेली. या चाचणीत ठरावीक वजने डेकवर एका बाजूला सरकवतात आणि नौका किती कलते ते मोजतात. त्यावरून गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे ते काढता येते. तो अपेक्षेपेक्षा वर निघाला. नौका कलली की पाण्याचा उद्धरण जोर कललेल्या बाजूकडे सरकतो आणि तिला पुन्हा सरळ करू पाहतो. पण गुरुत्वमध्य फार वर असेल तर हे सरळ करणारे बल दुबळे पडते. म्हणून वरच्या दोन तोफा उतरवल्या आणि तळाशी जादा वजन भरले. पुढच्या नौकांची रुंदी अडीच फुटांनी वाढवली, तेव्हा त्यांना सहा तोफा पेलल्या. नौकाबांधणीत अग्रेसर असलेल्या देशाचीही बेरीज चुकू शकते. मात्र त्यांनी चाचणी घेतली, चूक कबूल केली आणि सुधारली, हे विसरू नका.

आता पुढची हकिकत. महायुद्ध संपल्यावर, १९४८ साली, ब्रिटनने 'मेंडिप' चीनच्या राष्ट्रवादी सरकारला वापरायला दिली. तिचे नाव झाले 'लिन फू'. तिच्याबरोबर 'अरोरा' ही मोठी क्रूझरही चीनला मिळाली होती. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्या क्रूझरवरील नाविक नौकेसह साम्यवाद्यांना जाऊन मिळाले. ब्रिटनने लगेच 'लिन फू' परत घेतली. त्याच वर्षी ती इजिप्तला विकली आणि पुढे तिचे नाव 'इब्राहिम अल-अव्वल' असे पडले.

३१ ऑक्टोबर १९५६. सुएझचा संघर्ष पेटला होता. पहाटेच्या अंधारात या नौकेने इस्रायलच्या हैफा बंदरावर दोनशेहून अधिक तोफगोळे डागले. इस्रायलच्या 'एलात' व 'याफो' या विनाशिकांनी तिला गाठले. त्याही मूळच्या ब्रिटिशच! विमानांनीही मारा केला. जायबंदी नौका शरण आली. तिला बुडवून टाकण्याचा नाविकांचा प्रयत्न फसला. जिच्यावर गोळे डागले त्याच हैफा बंदरात तिला ओढत नेण्यात आले. दुरुस्तीनंतर ती इस्रायली नौदलात दाखल झाली आणि तिला नाव मिळाले 'हैफा'! सेवेतून निवृत्त झाल्यावर शेवटी ती क्षेपणास्त्राच्या चाचणीचे लक्ष्य बनली.

चार देश, चार निशाणे. बॉयलर तेच, टर्बाइन तेच. वाफेला कोणाचा हुकूम आहे हे कळत नाही. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच द्यावे लागते. ज्याच्या हाती यंत्र, त्याची चाकरी.

यावरून काही जण म्हणतील, "मग शस्त्रे विकत घ्यावीत, बांधण्याचा खटाटोप कशाला?" मला हे मुळीच पटत नाही. चीनच्या अनुभवाकडे पाहा. उसनी दिलेली वस्तू देणाऱ्याच्या मर्जीवर परत जाते. इजिप्तचे पाहा. विकत घेतलेली वस्तू एका सकाळी शत्रूच्या हाती पडते. परत नेता येत नाही आणि हिसकावताही येत नाही, अशी एकच गोष्ट आहे : ती वस्तू हाताळताना आपण शिकलेली विद्या.

याचा दाखला आपल्याच घरी आहे. 'मेंडिप'च्या रुंद केलेल्या तीन भगिनी १९५३ साली भारतीय नौदलात आल्या, त्याही प्रथम उसनवारीनेच. त्यांची नावे 'गोदावरी', 'गोमती' आणि 'गंगा'. यांपैकी 'गोदावरी'ने महायुद्धात पोलंडच्या नौदलातही 'श्लोन्झाक' या नावाने काम केले होते. या जुन्या नौकांवर आपल्या तरुण नाविकांनी समुद्राचे धडे गिरवले. पुढे त्या मोडीत निघाल्या. पण १९८३ साली 'गोदावरी' पुन्हा अवतरली, आणि या वेळी ती मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली होती! तिच्यामागून १९८५ मध्ये 'गंगा' आणि १९८८ मध्ये 'गोमती' त्याच गोदीतून आल्या. नावे जुनी, बांधणारे हात मात्र आपले. त्यांतील सर्व सामग्री देशी नव्हती हे खरे. परंतु नौका बांधण्याचे ज्ञान आपल्याकडे आले होते.

म्हणून जुन्या यंत्राला नाक मुरडू नका, आणि नवे यंत्र आणले म्हणजे आपण पुढारलो असेही समजू नका. शिक्षकांनाही एक विनंती. प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपाआड चकचकीत राहिलेल्या उपकरणापेक्षा मुलांनी खोलून पुन्हा जोडलेले जुने उपकरण अधिक मोलाचे असते. ते एखादे वेळी बिघडेल. बिघडू द्या. त्यातून जे शिकाल, ते कोणीही परत मागायला येणार नाही.