नाथसागर कुणाच्याच नियमात का बसत नाही?

शेवगाव-नेवासे तालुक्यांच्या काठाला, गोदावरीवरच्या पैठण धरणाच्या नाथसागर जलाशयाच्या उथळ पाण्यात, हिवाळ्यात पट्टकादंब आणि चक्रवाक उतरतात. राज्याने १९८६ साली इथे पक्षी अभयारण्य जाहीर केलं. पण केंद्राचे २०१७ चे पाणथळ नियम काढून वाचा. सिंचनासाठी बांधलेला जलाशय त्यांच्या व्याख्येत पाणथळ ठरतच नाही. वन्यजीव कायद्याखालचं क्षेत्रही त्या नियमांनी वगळलं आहे. मी याला सरळ पळवाट म्हणतो. दिल्लीने ती ठेवली आणि मुंबईने मुकाट्याने मान्य केली.

याच गोदावरीवर वरच्या अंगाला नांदूर मध्यमेश्वर आहे. तोही बंधारा सिंचनासाठीच घातलेला, त्याच्याच कालव्यांवर आपल्या कोपरगाव-राहात्याचा ऊस पिकला. तेही अभयारण्यच. पण २०२० साली त्याचा रामसर दर्जा, म्हणजे पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा दर्जा, जाहीर झाला. आणि नाथसागराच्या वाट्याला काय आलं? टीएचडीसी या सरकारी कंपनीचा तरंगता सौर प्रकल्प!

कहार समाजाच्या मच्छीमारांनी दाद मागितली. हरित लवादाने २०२४ मध्ये त्यांची याचिका फेटाळली, सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये हस्तक्षेप केला नाही. आधार दिला गेला तो या अभयारण्याबाबतच्या २०१७ च्याच वेगळ्या केंद्रीय अधिसूचनेचा: इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये अपारंपरिक ऊर्जेला प्रोत्साहन द्यावं, असं ती सांगते. अहो, पण तो झोन म्हणजे अभयारण्याभोवतीचा पट्टा. पॅनेल तरंगणार ते खुद्द पाण्यावर, जिथे पक्षी उतरतात आणि जिथे जाळी पडतात. काठासाठीचं कलम पाण्याला लावणं मला मान्य नाही, निकाल काहीही असो.

सौरऊर्जेला माझा विरोध नाही. कालवे आहेत, साखर कारखान्यांची गोदामं आहेत, सरकारी कचेऱ्यांची छपरं आहेत. पण तिथे मालक अनेक, करार अनेक. जलाशयाचा मालक एकच, सरकार. भूसंपादनाची कटकट नाही. जागा निवडताना हीच सोय पाहिली जाते, असं माझं ठाम मत आहे. धरणासाठी ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांच्याच मुलांच्या मासेमारीवर आता घाला येतो आहे.

रामसर स्थळाचं स्वरूप बदलणार असेल, तर करारानुसार देशाला ते जगासमोर कळवावं लागतं. नाथसागराला तेवढं तरी कवच हवं. त्यासाठीचा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे पाठवावा. शेवगाव, नेवासे आणि पैठणच्या ग्रामसभांनो, तसा ठराव येत्या सभेत घ्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात द्या.