बँड कोणाचा? शब्द लिहिणाऱ्याचा?

पिंक फ्लॉइडविषयी आपण साहित्याची मंडळी बोलतो तेव्हा बहुधा रॉजर वॉटर्सविषयीच बोलत असतो. 'द वॉल'मधल्या (१९७९) गीतांच्या झेरॉक्स प्रती वाटायच्या, युद्धात मेलेला बाप, शाळा, एकाकीपण अशी आशयसूत्रे फळ्यावर मांडायची, आणि तास संपला की डस्टर उचलायचे. मीही हेच केले आहे. परंतु या वाचनपद्धतीत एक गृहीतक दडलेले आहे: शब्द ज्याचे, निर्मिती त्याची.

नेमके हेच गृहीतक १९८६ साली लंडनच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडला होता. आपल्यामागे बँड उरलेलाच नाही, तेव्हा ते नाव कोणी वापरू नये, असा त्याचा दावा. डेव्हिड गिल्मर आणि निक मेसन यांनी तो जुमानला नाही, आणि १९८७ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. त्याच वर्षीचा त्यांचा अल्बम दुबळा होता, हे मला मान्य आहे. पण दुबळा अल्बम म्हणजे वॉटर्सच्या दाव्याचा पुरावा नव्हे.

वॉटर्सचाच न्याय लावायचा तर हा बँड १९६८ मध्येच संपायला हवा होता. त्या वर्षी सिड बॅरेट गेला. मुख्य गीतकार तोच होता, गायकही तोच. व्यवस्थापक पीटर जेनर आणि अँड्रू किंग यांनी बँड सोडून बॅरेटची सोबत धरली. प्रतिभा तिकडे आहे, असा त्यांचा हिशेब. तो किती चुकला, हे दाखवण्यात स्वतः वॉटर्सचा वाटा मोठा होता!

आणि बॅरेटच्या आठवणीतून निघालेली १९७५ ची ती दीर्घ रचना घ्या. गिल्मरच्या गिटारवरच्या चार सुरांतून ती आकाराला येते आणि पहिला शब्द आठ मिनिटे उलटून गेल्यावर येतो. झेरॉक्सवर ही आठ मिनिटे कुठे छापणार? बंदिशीचे दोन ओळींचे शब्द म्हणजे ख्याल नव्हे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. रॉकपाशी आलो की मात्र आपण अचानक संहितावादी होतो.

'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये (१९७३) क्लेअर टॉरी एका रचनेत गायली, तीही शब्दांवाचून. राइटची सुरावट, वर तिचा आक्रोश. मानधन तीस पौंड, रचनाकार म्हणून नाव नाही. तिने २००४ मध्ये दावा लावला, २००५ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली, आणि त्यानंतर राइटच्या जोडीला तिचे नाव लागू लागले. बत्तीस वर्षे लागली. गीताचा कागद हातात घेऊन बसलेल्या समीक्षकाला तर ती कधी दिसलीच नसती.

त्याच २००५ च्या जुलैत वॉटर्स, गिल्मर, मेसन आणि राइट हाइड पार्कमध्ये एकत्र वाजवायला उभे राहिले. शेवट 'कम्फर्टेबली नम्ब'ने केला. शब्द वॉटर्सचे, चाल मुख्यतः गिल्मरची, आणि शब्द संपल्यावरही गिटार बराच वेळ चालू.