घराच्या विम्याचा कागद आपणच वाचायचा

भगिनींनो, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पुराचे पाणी घराघरांत शिरले. अनेक घरांच्या भिंती उभ्या राहिल्या. गेले ते धान्य, गाद्या, कपाटे, फ्रीज. घरात काय काय आहे हे आपल्यालाच नेमके ठाऊक असते. म्हणून विम्याचा कागदही आपणच वाचावा, असे माझे ठाम मत आहे.

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. तीत आग, पूर, वादळ, भूकंप, दरड यांनी झालेले नुकसान येते. इमारतीचा विमा घेतला की घरसामानालाही त्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. दागिन्यांचे मात्र वेगळे घ्यावे लागते. वर्षानुवर्षे झिरपणारी ओल, जुनेपणाची झीज यात बसत नाही.

‘गृहकर्जाबरोबर विमा झालाय’ एवढ्यावर थांबू नका. तो कधी कधी फक्त कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नव्हे.

चातुर्मासाच्या साफसफाईत एक काम वाढवा: प्रत्येक खोलीचे आणि बिलांचे फोटो काढा, आणि लेकीला किंवा बहिणीला पाठवून ठेवा.