तिची गोष्ट तिलाच सांगू द्या



‘माझी आई’ हा निबंध तुम्ही किती वेळा तपासलात? मी तर मोजणंच सोडून दिलंय. चाळीस वह्या आणि चाळीस वह्यांत एकच आई. ती सकाळी लवकर उठते, प्रेमळ असते, थोडी रागावते. वर्गात बघावं तर कुणाची आई काजूच्या कारखान्यात जाते, कुणाची मिरकरवाड्यात मासे घेऊन बसते, कुणाची एप्रिल-मेमध्ये रात्री उशिरापर्यंत आंब्याच्या पेट्या भरते. यातलं काहीच वहीत येत नाही. वहीत येते ती गाईडमधली आई.

मुलींना विचारलं तर म्हणतात, “बाई, असं लिहायचं असतं होय?” आपली आई निबंधात लिहिण्यासारखी नाही, असं या मुलीला वाटतं. मग उद्या स्वतःबद्दल बोलायची वेळ आली तर ती काय बोलणार?

मुलींच्या सक्षमीकरणासाठी आपण बरंच काही करतो. प्रभातफेरी, रांगोळी, शपथ. ३ जानेवारीला एखादी मुलगी नऊवारी नेसून आपण लिहून दिलेलं भाषण पाठ म्हणते. करू नये असं माझं म्हणणं नाही, पोरींची भीड चेपते. पण सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे आठवा. १८५५ साली या शाळकरी मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो तिच्या स्वतःच्या माणसांबद्दल होता. आपण मात्र सावित्रीबाईंचा जयजयकार करतो आणि मुक्ताने जे केलं ते वर्गात करू देत नाही.

लांब कशाला जायचं? आपला रत्नागिरी जिल्हाच बघा ना. देवरुखच्या जोश्यांच्या घरातल्या दोन बहिणी, दोघीही विधवा झालेल्या. एक पुढे बाया कर्वे झाली, दुसरी पार्वतीबाई आठवले. पार्वतीबाईंनी ‘माझी कहाणी’ लिहिली आणि बायांनी ‘माझे पुराण’. विधवेने चारचौघांत बसूही नये अशा काळात जन्मलेल्या या बायका!

आणि ऊर्मिला पवार. फणसवळ्याची मुलगी. वडील ती तिसरीत असताना वारले आणि आईने बांबूची सुपं-टोपल्या, म्हणजे आयदानं, विणून मुलांना वाढवलं. २००३ साली आलेल्या आत्मकथनाला त्यांनी नाव दिलं ‘आयदान’. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं एकाच जातीचं आहे, असं त्या मानतात. डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायका त्या पुस्तकात आहेत. त्याच वाटांवरून आज आपल्या मुली एसटीने शाळेत येतात. पण मला त्यांचं दुसरं काम वर्गासाठी जास्त उपयोगाचं वाटतं. मीनाक्षी मून यांच्याबरोबर त्यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधून काढल्या, त्यांच्याशी बोलून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. त्या विचारायला गेल्या नसत्या, तर यातलं बरंचसं त्या बायकांबरोबरच गेलं असतं.

जगात दुसरीकडेही हेच दिसतं. पॅलेस्टाईनमध्ये ‘हिकाये’ नावाची गोष्टी सांगायची परंपरा आहे. हिवाळ्याच्या रात्री म्हाताऱ्या बायका बायकांना आणि पोरांना गोष्टी सांगतात, आणि त्या गोष्टींत बाईच्या नजरेने समाजावर टीकाही असते. युनेस्कोने २००८ साली तिला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. ज्यांचं घर, गाव सुटलं त्यांच्या पोरींना आजीच्या तोंडूनच गाव कळतं. आपल्याकडे घर शाबूत आहे, आजी ओटीवर बसलेली आहे, तरी तिला कोणी काही विचारत नाही.

आता माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीने घरातल्या दारूबद्दल फार खरं लिहिलं होतं. मी भारावून गेले आणि तो निबंध वर्गात मोठ्याने वाचला. नाव घेतलं नव्हतं, पण गावात नाव घ्यावं लागतं का? ती मुलगी वर्षभर माझ्याकडे वर मान करून बोलली नाही. पुढचे सगळे निबंध गाईडमधले. मी कौतुक करत होते, पण गोष्ट तिची होती आणि ती कुणाला सांगायची हे मी परस्पर ठरवलं. ‘मुलींना व्यक्त होऊ द्या’ म्हणणाऱ्या आपण मोठ्यांनी हे आधी शिकायला हवं. स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर रडवायला मुलींची दुःखं वापरू नयेत. मुलगी “नको” म्हणाली तर तेही बोलणंच आहे.

म्हणून आता मी स्वतःपासून सुरुवात करायला सांगत नाही, आजीपासून सांगते. तुझी शाळा कधी सुटली? का सुटली? लग्न ठरलं तेव्हा तुला कोणी विचारलं होतं का? पहिला स्वतःचा पैसा कशाचा मिळाला? भाषा जशीच्या तशी लिहायची, घरात संगमेश्वरी बोलत असतील तर संगमेश्वरीच. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. एकीच्या आजीने सांगितलं, “माका कोणी इचारलाच नाय गो.” हे वाक्य लिहून आणलेल्या मुलीने मधल्या सुट्टीत मला हळूच विचारलं, “बाई, आता तरी विचारतात का?” त्या दिवशी पुढचा तास गणिताचा होता, तो झाला नाही. गणिताच्या सरांची मी माफी मागितली.

पालक म्हणतात, “हे उद्योग कशाला, दहावीचं बघा.” त्यांची काळजी मला कळते. पण दहावीनंतर कॉलेज लांब आहे, गाडी उशिरा येते, म्हणून मुलीला घरी बसवायचं ठरतं, तेव्हा ती त्या बैठकीत असते का? असली तर बोलते का? मला तिथे बोलता येईल अशी मुलगी हवी आहे. पाठ केलेल्या भाषणाने ते होत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

गौरी-गणपतीची सुट्टी येतेय. मुंबईहून सगळे गावी येतील, घर भरेल, फुगड्या होतील, जाखडी रंगेल, आणि आज्या सगळ्या एकाच ठिकाणी सापडतील. सुट्टीच्या अभ्यासात या वेळी दहा पानं शुद्धलेखन देण्याऐवजी आजीला विचारायचा एकच प्रश्न द्या. पालकहो, पोरगी वही घेऊन आजीजवळ बसली तर तासभर तिला भांडी घासायला उठवू नका. आणि वही शाळेत परत आली की, बाईंनो-सरांनो, उघडण्याआधी तिला विचारा, “मी वाचू का गं?”