मंडळ मोडावे कधी?

भाऊबीज आटोपली की आमगावच्या आसपास गावोगावी मंडया भरू लागतात. दिवसा दुकाने, पाहुणे, सोयरिकीच्या गोष्टी. रात्री दंडार, नाहीतर नाटक. एकच मंडळ वीस-पंचवीस वर्षे पाहत आलेली माणसे इथे घरोघरी आहेत. म्हणून जुन्या मंडळात ‘आता पुरे’ असा शब्द निघाला, की तो दहा-बारा गड्यांपुरता राहत नाही, चुलीपर्यंत पोहोचतो.

माझे मत विचाराल, तर त्या शब्दाने एवढे दचकू नये. मोडणे म्हणजे मरणे, ही समजूत मराठी रंगभूमीनेच खोटी ठरवली आहे. किर्लोस्कर मंडळीतून १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले, म्हणून तर गंधर्व मंडळी झाली. पुण्याच्या पी.डी.ए.ने डिसेंबर १९७२ मध्ये रंगमंचावर आणलेले ‘घाशीराम कोतवाल’ एकोणीस प्रयोगांनंतर थांबवले. बाहेर पडलेल्यांनी १९७३ च्या मार्चमध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि १९८० मध्ये तेच नाटक युरोपात नेले.

वाईट असते ते उशिरा मोडणे. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आला, बोलपटांनी प्रेक्षक ओढून नेला. गंधर्व मंडळीचा डामडौल मात्र राजेशाही होता. अत्तरापासून शालूपर्यंत सगळे अस्सल हवे. एकदा अंगावर आलेले कर्ज मोठ्या जिद्दीने फेडले, पण पुढे गाडा चालेना. बालगंधर्व १९३५ च्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले, पुन्हा रंगभूमीवर परतले आणि उतारवयातही लुगडे नेसून उभे राहिले. गळ्याची जादू ओसरली तरी भक्त येत राहिले. त्या प्रेमाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण ते नाटकाचे प्रेम होते की आठवणीचे?

आमच्याकडचे गडी तर धानाचे शेतकरी. रात्र जागून सकाळी बांधीवर जायचे. आता वडशाहून नाटक कंपन्या दिवे-पडद्यांसह येतात, आणि गावच्या हौशी मंडळाकडे नवा पोरगा फिरकत नाही. अशा वेळी केवळ ‘वडिलांनी सुरू केले’ म्हणून ओढत राहणे हा त्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्यावर जुलूमच आहे.

निर्णय घ्यायचा तर रोवणीच्या आधी, रिकाम्या दिवसांत घ्यावा; बयाणा घेतल्यावर भांडून नव्हे. पेटी, ढोलकी, कपड्यांचा संदूक कोणाकडे जाणार, हे तेव्हाच ठरावे. बीटल्ससारखे जगाने डोक्यावर घेतलेले गडीसुद्धा १९७० च्या अखेरीस कोर्टाची पायरी चढले. आपल्याकडे निदान पाटलाच्या ओसरीवर भागते. आणि शेवटची मंडई करायची ती जाहीर सांगून करावी. त्या रात्री शाहिराच्या मागे कोरसला दोन पोरे उभी करावीत, बेसूर गायली तरी चालेल. त्यांना पुढल्या वर्षी स्वतःचे मंडळ काढावेसे वाटले, तर संदूक त्यांच्या हवाली करावा.