प्रत आहे, पण परत मिळेल काय?

विंडोज-१० या संगणकप्रणालीला दिले जाणारे सर्वसाधारण साहाय्य मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. वरकरणी ही केवळ एक व्यापारी घटना. परंतु कोथरूडसारख्या नोकरदारांच्या उपनगरात तिचे परिणाम थेट घरापर्यंत पोहोचतात. वर्षानुवर्षे इमानेइतबारे चाललेल्या पुष्कळ संगणकांवर विंडोज-११ बसत नाही, कारण तिला अलीकडचा प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षाचिप लागते. अशा वेळी कोणी नवा संगणक घेतो, कोणी जुन्यावरच लिनक्स बसवितो, कोणी मुलाच्या मॅकवर आपले काम हलवितो, तर कोणी काहीच न करता जुने गाडे तसेच रेटतो. या स्थलांतराच्या धांदलीत एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. त्या संगणकात साठलेल्या दप्तराचे काय?

हे दप्तर लहानसहान नाही. शिक्षकाने वीस वर्षांत जमविलेले प्रश्नसंच, शाळेच्या जनरल रजिस्टरावरून उतरवून घेतलेल्या याद्या, सहकारी गृहरचना संस्थेची सभासद नोंदवही आणि थकबाकीचे तक्ते, विद्यार्थ्याचा अर्धा लिहून झालेला प्रबंध, हे सारे एका तळहाताएवढ्या चकतीवर विसावलेले असते. ‘बॅकअप आहे ना?’ असे विचारले की ‘हो, सॉफ्टवेअर बसविले आहे’ असे उत्तर मिळते. गफलत नेमकी या उत्तरात आहे. सॉफ्टवेअर बसविणे म्हणजे प्रत घेणे नव्हे; आणि प्रत घेणे म्हणजे गेलेली वस्तू परत मिळणे नव्हे. या तीन स्वतंत्र पायऱ्या असून बहुतेक जण पहिलीवरच थांबतात.

तीन प्रणाली, तीन खाचखळगे

कोथरूडमधील एखाद्या गृहरचना संस्थेचे कार्यालय डोळ्यांपुढे आणावे. कार्यालयातील संगणकावर विंडोज, चिटणीसांकडे मॅक, आणि खजिनदारांच्या जुन्या लॅपटॉपवर मुलाने बसवून दिलेले लिनक्स. तिघेही आपापल्या परीने दक्ष आहेत. तिघांनीही बॅकअपची सोय केली आहे. आणि तिघांचीही फसगत होण्याचा संभव आहे.

विंडोजवर असे सॉफ्टवेअर बसविणे सर्वांत सोपे समजले जाते. फाइल उतरवून घ्यावी, तिच्यावर दोनदा टिचकी मारावी, प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ म्हणावे, की झाले. २०१२ साली आलेल्या विंडोज-८ पासून तर ‘फाइल हिस्ट्री’ नावाची सोय प्रणालीतच मिळू लागली. परंतु ही सोय आपण होऊन डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक कप्प्यांचीच प्रत घेते. आपल्याकडील संगणक-दुकानदारांची जुनी रीत अशी की, हार्ड डिस्कचे दोन भाग पाडावेत, प्रणाली ‘सी’मध्ये ठेवावी आणि कामाचे कागद ‘डी’मध्ये. मुद्दाम समावेश केल्यावाचून या ‘डी’तील एकही कागद फाइल हिस्ट्रीत जात नाही. ‘सी’तील कागदांची प्रत ‘डी’त ठेवणाऱ्याची निश्चिंतीही तितकीच फोल असते, कारण दोन्ही भाग एकाच चकतीचे असल्याने ती बिघडली की मूळ आणि प्रत एकदमच जातात.

मॅकवर २००७ पासून ‘टाइम मशीन’ आहे आणि त्याचे काम चोख आहे. मात्र त्यासाठी वापरलेली बाह्य चकती ॲपलच्या पद्धतीने आखलेली असते. ती विंडोजच्या संगणकाला जोडली तर त्याला वाचता येत नाही. उलट कित्येकदा ‘ही चकती फॉरमॅट करावयाची काय?’ असा प्रश्न तो विचारतो, आणि घाईत ‘होय’ म्हणणारा राखीव प्रतीलाही मुकतो. बाहेरचे बॅकअप सॉफ्टवेअर बसविल्यास आणखी एक अडसर येतो. २०१८ नंतरच्या मॅक प्रणालीत अशा सॉफ्टवेअरला संपूर्ण चकती वाचण्याची परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते. ती न दिल्यास सॉफ्टवेअर चालत राहते, पण काही कप्पे त्याच्या नजरेआडच राहतात.

लिनक्सची तऱ्हा याहून निराळी. तेथे सॉफ्टवेअर बाजारातून आणावे लागत नाही. प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातून एका आज्ञेसरशी ते विनामूल्य बसते. ‘डेजा डुप’ हे घरगुती वापरासाठी पुरेसे आहे. १९९६ पासून वापरात असलेले ‘आरसिंक’ जाणकारांच्या विश्वासाचे आहे. परंतु लिनक्स मिंटसारख्या प्रणालीबरोबर येणारे ‘टाइमशिफ्ट’ पाहून अनेकांचा समज होतो की, आपली सोय झाली. वस्तुतः टाइमशिफ्ट प्रणालीची प्रत घेते, वापरणाऱ्याच्या कागदपत्रांची नव्हे. वापरणाऱ्याचा ‘होम’ कप्पा ते आपण होऊन वगळते. घर शाबूत राहील, पण घरातली चीजवस्तू जाईल, असा हा प्रकार आहे.

मराठी नावांचे दुखणे

मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला याखेरीज काही अडचणी येतात, आणि इंग्रजी माहितीपत्रकांत त्यांचा उल्लेख नसतो. ‘दुसऱ्या सत्राचे गुण’ या नावातील ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठविता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. मॅकची जुनी चकती-रचना त्याचे नेहमी दोन तुकडे करीत असे. विंडोज व लिनक्स ज्या रूपात नाव मिळाले त्या रूपात ते ठेवितात आणि ही दोन रूपे भिन्न मानतात. परिणामी जुन्या मॅकवरून आलेली प्रत लिनक्सवर उतरविली की, डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी नांदू लागतात, आणि त्यांतील ताजी कोणती हे नावावरून कळत नाही.

नावाच्या लांबीचेही तसेच. लिनक्सच्या प्रचलित रचनेत फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटी धरून, तीन बाइट घेते. म्हणजे सुमारे पंचाऐंशी चिन्हांपलीकडे मराठी नाव जाऊ शकत नाही. सरकारी पत्राचा संपूर्ण विषय फाइलला नाव म्हणून देण्याची कचेऱ्यांतील सवय विंडोजवर खपून जाते; लिनक्सच्या चकतीवर ती फाइल उतरतच नाही. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टांत टंकलिखित केलेले कागद तर याहून दुर्दैवी. फाइल जशीच्या तशी परत मिळते. पण तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो.

पुण्याला या प्रश्नाचे नावीन्य वाटण्याचे कारण नाही. कोथरूडपासून फार दूर नसलेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ते पूर्णत्वास गेले. शारदा, बंगाली, मैथिली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतील हस्तलिखिते तेथे एकमेकांशी ताडून पाहण्यात आली. त्या कार्यातून मिळणारा धडा आजही उपयोगी आहे. ग्रंथ टिकला तो एका लिपीशी बांधला गेला नाही म्हणून, आणि त्याचा पाठ निश्चित करता आला तो प्रती ताडून पाहणारे विद्वान भेटले म्हणून. आजच्या संगणकप्रणाली या एका अर्थाने लिप्याच होत. एकाच प्रणालीला वाचता येईल अशी प्रत ही त्या प्रणालीच्या आयुष्याइतकीच टिकाऊ. म्हणून महत्त्वाचे कागद कोणत्याही प्रणालीत उघडतील अशा साध्या, सर्वमान्य स्वरूपात आणि युनिकोडमध्ये ठेवणे हे बॅकअपचे पहिले पथ्य मानावयास हवे.

एकाच छपराखालच्या प्रती

दुसरे पथ्य अंतराचे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची फिल्म-भांडारे आज कोथरूडमध्ये आहेत. त्याच संग्रहालयाच्या ताब्यातील जुन्या नायट्रेट फिल्मांना जानेवारी २००३ मध्ये विधी महाविद्यालय रस्त्यावरील चित्रपटसंस्थेच्या आवारात आग लागली आणि मूकपटांच्या व आरंभीच्या बोलपटांच्या काळातील मोलाचा ठेवा भस्मसात झाला. ज्यांची प्रत सुरक्षित फिल्मवर उतरवून अन्यत्र ठेवलेली होती, तेवढेच चित्रपट पुढील पिढ्यांसाठी उरले. १९३१ सालचा ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट तर आज जगात कोठेही पाहावयास मिळत नाही.

संगणकाच्या जगातही असा अनुभव आलेला आहे. २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जगड्व्याळ जहाज कंपनीचे व्यवहार ठप्प केले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनललाही त्याची झळ बसली. कंपनीच्या जाळ्याचा कणा असलेल्या सर्व्हरांच्या अनेक प्रती जगभर होत्या, पण त्या सतत एकमेकींशी जोडलेल्या असल्याने एकदमच नष्ट झाल्या. वाचली ती एकच, घाना देशातील कार्यालयात. तीही तेथे त्या वेळी वीज गेली होती म्हणून. एवढ्या बलाढ्य कंपनीला तारले ते तिच्या योजनेने नव्हे, तर विजेच्या लपंडावाने.

‘आता सगळे क्लाउडवर असते, मग ही चिंता कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा. आपल्या संगणकाशी सतत मेळ राखणारी सोय ही राखीव प्रत नव्हे. येथे पुसलेली फाइल तेथेही पुसली जाते आणि जुनी आवृत्ती बहुधा ठरावीक मुदतीपुरतीच मिळते. शिवाय संस्थेच्या खात्याचा पासवर्ड एकाच पदाधिकाऱ्याला ठाऊक असला, तर त्याच्याबरोबर दप्तरही संस्थेबाहेर जाते. ‘कागदी नोंदी आहेतच’ हा दिलासाही अपुरा आहे. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने कागदाची मातब्बरी किती असते हे पुण्याला दाखवून दिले आहे. तीन प्रती, दोन भिन्न साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या वास्तूत, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम म्हणूनच जगभर मान्य झाला.

खापर कोणाच्या माथी?

या सर्वांत सामाजिक अन्यायाचा एक भाग आहे आणि तो दुर्लक्षिला जातो. नोंदी गेल्या की खापर कारकुनाच्या माथी फुटते. त्याला दुसरी चकती मंजूर करून दिलेली नसते, सॉफ्टवेअर कोणते बसवावे हे कोणी सांगितलेले नसते, आणि प्रत तपासण्यासाठी तासाभराची सवडही कामाच्या तक्त्यात नसते. शिक्षकाचीही स्थिती याहून वेगळी नाही. विद्यार्थ्याचा तर प्रबंध जातो तेव्हा त्याचे वर्षच जाते. जबाबदारी व्यक्तीची आणि साधने कोणाचीच नाहीत, ही व्यवस्था बदलली पाहिजे.

त्यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. संगणक-खरेदीच्या प्रस्तावातच बाह्य चकतीचा समावेश व्हावा. कोणते कप्पे प्रतीत घ्यावयाचे, याची लेखी यादी कार्यालयात असावी. वर्षातून दोनदा, उन्हाळी व दिवाळीच्या सुटीपूर्वी, कोणतीही चार कागदपत्रे प्रतीतून काढून दुसऱ्या प्रणालीच्या संगणकावर उघडून पाहावीत, मुळाशी ताडावीत आणि तारखेसह नोंदवहीत स्वाक्षरी करावी. पौड रस्त्यावर आणि कर्वेनगरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेथील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी परिसरातील शाळांना आणि गृहरचना संस्थांना या कामी हात दिला, तर सेवेचे तास सार्थकी लागतील आणि पुस्तकात न मिळणारे शिक्षणही घडेल.

संगणक बदलतील, प्रणाली जुन्या होतील, कंपन्या साहाय्य थांबवितील. त्यावर शिक्षकाचे, कारकुनाचे वा विद्यार्थ्याचे नियंत्रण नाही. आपण ठेवलेली प्रत उघडते की नाही, हे आजच पाहून घेणे मात्र सर्वस्वी त्यांच्या हाती आहे. आणि त्यासाठी वेळ व साधने पुरविणे हे संस्थाचालकांचे कर्तव्य आहे. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्या भरवशावर मूळ पुसण्याचे धाडस कोणीही करू नये.