‘माझे’ शिकवण्याची रीत

खंडाळ्यास घाटमाथ्यावर मुंबई-पुण्याच्या धनिकांचे जे बंगले वर्षातील बहुतेक दिवस कुलूपबंद असतात, त्यांपैकी एखाद्याच्या आवारातील खोलीत राहणारे रखवालदाराचे मूल शाळेत ‘आमचा बंगला’ असे म्हणते, तेव्हा ते खोटे बोलत नसते. बंगल्याचा दस्तऐवज कोणाच्या नावे आहे हे त्याला सांगावयाचेच नसते. ज्या अंगणात आपण वाढलो त्याच्याशी असलेला संबंध तेवढा ते सांगत असते, आणि आपल्या व्याकरणातील षष्ठीचा अर्थही मुळात संबंध हाच आहे. ‘माझी आई’, ‘आमचे गाव’, ‘तुझा वाढदिवस’ यांपैकी कशाचाच सातबारा निघत नाही. म्हणून पहिली-दुसरीच्या वर्गात या शब्दांचा पाठ ‘हे कोणाच्या मालकीचे?’ अशा प्रश्नाने सुरू करणे मला अप्रशस्त वाटते. ‘हे कोणाचे कोण?’ असे विचारले, तर पाच-सहा वर्षांचे मूल आपल्या गोतावळ्याची सारी हकिगत सांगू लागते.

या शब्दांची घडण मोठी विलक्षण आहे. ‘तिचा डबा’ या दोन शब्दांत डब्याची धनीण मुलगी आहे हे ‘ति’ने कळते आणि डबा पुल्लिंगी आहे हे ‘चा’ने कळते. शेजारच्या मुलाचा डबा उचलला की ‘त्याचा’ होते, त्याच मुलाची पाटी उचलली की ‘त्याची’, दप्तर उचलले की ‘त्याचे’ आणि चपला उचलल्या की ‘त्याच्या’. हिंदीत ‘उसका’ म्हणताना मालक मुलगा की मुलगी हे उमगत नाही. इंग्रजीत ते उमगते, परंतु वस्तूच्या लिंगाची तेथे दखलच नसते. मराठी मुलाला ही दुहेरी संगती घरीच, कोणी न शिकवता, अवगत झालेली असते, आणि रोजगारासाठी परप्रांतांतून येथे आलेल्या कुटुंबांतील मुलांना ती वर्गात बोलून बोलूनच साधते. चार वस्तू मेजावर मांडून मुलांना आळीपाळीने बोलते करणारा पाऊण तास, चा-ची-चे-च्या यांचा तक्ता महिनाभर घोकून घेण्यापेक्षा अधिक फलदायी असतो.

खरी अडचण लेखनात आहे, आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. मावळातले मूल ‘माझं घर’ म्हणते आणि ‘माझे भाऊ’ म्हणते. त्याच्या कानाला हे दोन भिन्न शब्द आहेत. पुस्तकात मात्र दोन्ही ठिकाणी ‘माझे’ छापलेले असते, म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन यांतील जो भेद मुलाने स्वतःच्या कानाने हस्तगत केला, तो छापील पानावर पुसला जातो. अशा वेळी मुलाने वहीत ‘माझं’ लिहिले की त्यावर लाल रेघ ओढली जाते. बोलण्यातील उच्चार जसाच्या तसा लिहिताना अशा अनुस्वारास मराठी लेखनाच्या नियमांतच मुभा असता, सहा वर्षांच्या बालकाला ती नाकारणे हा मी अन्यायच समजतो. ग्रांथिक रूप तिसरीत शिकवता येईल. त्याची एवढी निकड नाही.

दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण 1836 साली निघाले आणि मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. पण ते ग्रंथ जाणत्यांसाठी होते, विभक्तीचे कोष्टक बालवयात पाठ करविण्यासाठी नव्हते. 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली आणि ‘माय-युवर-हिज-हर’ची उजळणी मराठी रूपे लेखनात स्थिरावण्यापूर्वीच सुरू झाली. इंग्रजीस माझा विरोध नाही, क्रमास आहे. ‘त्याची बहीण’ यातील ‘ची’ बहिणीमुळे आली हे ज्याला एकदा नीट उमगले, त्याला तेथे ‘हिज’ का म्हणावयाचे हे समजावणे सोपे जाते. न उमगलेले मूल बहीण पाहून ‘हर’ म्हणाले, तर दोष त्याचा नव्हे.

पुणे जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने मावळातील आपल्या शाळांत पहिली दोन वर्षे ही सर्वनामे केवळ तोंडी चालवावीत आणि वहीतील ‘माझं’वर रेघ ओढू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.